पथ्य सोडावें कसें?

आषाढ शुद्ध नवमी आली कीं घरोघर कांद्याचा वास दरवळूं लागतो. पुढें दोनच दिवसांनीं चातुर्मास लागावयाचा, तेव्हां चार महिन्यांची बेगमी एका दिवसांत करून घ्यावी अशा उत्साहानें कांदेनवमी साजरी होते. भजीं, थालिपीठें, भरलीं वांगीं यांना सीमा राहत नाहीं. मग कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा, लसूण व वांगें हीं वर्ज्य. ज्या घरांत जुनी चाल अधिक कडक आहे तेथें प्रथम शाक, मग दहीं, मग दूध आणि शेवटीं द्विदल धान्यें असा एकेक जिन्नस महिनामहिना सोडण्याचें व्रतही चालतें. सोडावयाचें कसें, याची अशी रेखीव व्यवस्था पूर्वजांनीं लावून दिली आहे. परंतु सोडलेलें पुन्हां धरावयाचें कसें, याविषयीं मात्र आपण अगदीं बेफिकीर असतों. द्वादशीस पारणें फिटलें कीं चार महिने दाराबाहेर ताटकळत असलेले सर्व जिन्नस एकदम पानावर येऊन बसतात. आणि तिसऱ्या दिवशीं पोट फुगलें म्हणजे त्यांतला अपराधी कोण, हें ब्रह्मदेवासही सांगतां येत नाहीं.

व्रताची जी गोष्ट तीच पथ्याची. पथ्य सांगणारे पुष्कळ भेटतात. तें सोडावें कसें हें सांगणारा विरळा. हा प्रश्न आमच्या स्वतःच्या स्वयंपाकघरांत उभा राहिला, म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहों.

आमच्या सहधर्मचारिणीस कित्येक वर्षें पोटाचा त्रास होता. जेवणानंतर दोनचार तासांनीं पोट तट्ट फुगावें, मुरडा यावा, कधीं वारंवार शौचास जावें लागावें तर कधीं दोन दोन दिवस होऊंच नये. चातुर्मासांत मात्र तिला बरें वाटे. तें व्रताचें पुण्य, असें ती म्हणे आणि आम्हीही मान डोलवीत असूं. आमचें घर एकत्र. पानें मांडावयाचीं तर अकरा-बारा. जितकीं तोंडें तितकीं निदानें. थोरल्या वहिनी म्हणाल्या, "तुला दूध बाधतें, दूध सोड." दूध सुटलें. शेजारच्या काकूंनीं तुरीकडे बोट दाखविलें, वरण सुटलें. चिरंजीवांनीं कोठेंसें वाचून गव्हावर आरोप ठेवला, पोळी गेली. प्रत्येक वेळीं चार दिवस बरें वाटे, पांचव्या दिवशीं दुखणें पूर्ववत् सुरू होई. पण सोडलेला जिन्नस कांहीं परत येत नसे. असें करतां करतां दोन वर्षांत तिच्या पानांत मऊ भात, मुगाच्या वरणाची निवळी, तूप आणि उकडलेला दुधी एवढेंच उरलें.

वाढणारी ती, आणि सर्वांच्या मागून जेवणारीही तीच. तिच्या पानांत काय नाहीं हें पाहण्यास कोणी जागेवर उरलेलेंच नसे. एके दिवशीं शाळेस सुटी म्हणून धाकटी नात तिच्याजवळ जेवावयास बसली. रात्रीं सारे बैठकींत बसलों असतां त्या पोरीनें विचारलें, "आजीच्या पानांत कांहींच कां नसतें?" कोणीच उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्हीं तिला काट्यावर उभें केलें. दोन वर्षांत सात किलो वजन उतरलें होतें. उभा जन्म वर्गांत मुलांना निरीक्षणाचें महत्त्व सांगितलें, आणि घरांतली ही गोष्ट आमच्या दृष्टीस पडली नाहीं, याची लाज अजून वाटते.

आमच्या नेहमींच्या डॉक्टरांनीं पहिल्यानें आम्हांसच फैलावर घेतलें. पन्नाशीनंतर नव्यानें उद्भवलेली पोटाची तक्रार, कारणावांचून घटणारें वजन, शौचावाटे रक्त, रक्तक्षय, रात्रीं झोपेंतून उठविणारी कळ, अथवा घराण्यांत आंतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यांपैकीं एकही गोष्ट असतां घरच्या घरीं पथ्याचे प्रयोग करीत बसणें हा अपराध होय, असें त्यांनीं बजावलें. रक्ताच्या तपासण्या झाल्या; दुर्बिणीनें आंतडीं पाहून झालीं. गव्हांतील ग्लूटेन नांवाच्या प्रथिनामुळें ज्यांत लहान आंतड्याचें अस्तर झिजतें असा सीलियाक नांवाचा एक रोग आहे. त्याच्या परीक्षेंत एक गोम निघाली. ही परीक्षा रोगी गहूं खात असतांनाच विश्वसनीय ठरते. गहूं सोडून बसलेल्याच्या रक्तांतील पुरावा हळूहळू नाहींसा होतो. म्हणून तिला आधीं सहा आठवडे दोन्ही वेळां पोळी खावी लागली आणि मगच रक्त घेतलें. ज्यांस गहूं सोडून पाहावयाचा असेल त्यांनीं ही परीक्षा आधीं करून घ्यावी, म्हणजे आमच्यासारखा उलटा प्रवास करावा लागणार नाहीं. आणि ज्यांस हा रोग खरोखरच ठरेल त्यांनीं फोडणीच्या हिंगाकडेही लक्ष द्यावें. बाजारी हिंगांत पुष्कळदां मैदा मिसळलेला असतो.

सुदैवानें भयंकर असें कांहीं निघालें नाहीं. वजन उतरलें होतें तें अर्धपोटीं राहिल्यानें. आंतड्यांची रचना ठीक, परंतु स्वभाव चिडका. इंग्रजींत ज्यास इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात तो हा विकार. डॉक्टरांनीं आम्हांस एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठविलें. त्यांनीं आमची कैफियत ऐकून एकच प्रश्न विचारला, "इतकें सोडलेंत, त्यांतलें परत काय काय घेऊन पाहिलेंत?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

येथें आम्हांस विद्यार्थिदशेंत शिकलेला तर्कसंग्रह आठवला. कार्यकारणभाव ठरवावयाचा तर अन्वय आणि व्यतिरेक ही दोन्ही अंगें लागतात. कारण असतां कार्य असणें हा अन्वय. कारण नसतां कार्य नसणें हा व्यतिरेक. जिन्नस सोडला आणि बरें वाटलें, हा झाला केवळ व्यतिरेक, म्हणजे अर्धाच पुरावा. तोच जिन्नस पुन्हां घेतला आणि पुन्हां दुखलें, म्हणजे अन्वय सिद्ध झाला. आपण बहुतेक जण अर्ध्या पुराव्यावर निकाल देऊन मोकळे होतों. त्यांत काकतालीय न्यायाची भर पडते. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एक गांठ पडली, कीं कावळ्यानेंच तें पाडलें. सायंकाळीं पोट दुखलें कीं चार वाजतां घेतलेल्या दुधाच्या चहावर आळ येतो. दुपारच्या आमटीचें नांवही कोणी काढीत नाहीं.

आमटीचें नांव कां काढावें, तेंही सांगतों. ऑस्ट्रेलियांतील मोनॅश विद्यापीठाच्या पीटर गिब्सन व सू शेफर्ड या संशोधकांनीं २००५ सालीं कांहीं शर्करांच्या समूहास फॉडमॅप असें नांव दिलें. नांव विचित्र असलें तरी अर्थ सोपा आहे. लहान आंतड्यांत पुरत्या न शोषल्या जाणाऱ्या, पाणी ओढून घेणाऱ्या आणि मोठ्या आंतड्यांत पोंचल्यावर तेथील जंतूंच्या योगें आंबून वायु उत्पन्न करणाऱ्या अशा या शर्करा होत. दुधांतील लॅक्टोज, गहूं, कांदा व लसूण यांतील फ्रुक्टन, तूर, हरभरा, राजमा इत्यादि द्विदलांतील रॅफिनोज व स्टॅकिओज, मधांतील व आंब्यांतील जास्तीचा फ्रुक्टोज, सफरचंदांतील सॉर्बिटॉल आणि फुलकोबींतील मॅनिटॉल हीं त्यांचीं ठळक उदाहरणें. मोठ्या आंतड्यापर्यंतचा हा प्रवास कित्येक तासांचा असल्यामुळें, जो पदार्थ शेवटीं खाल्ला तोच चोर असेल असें मुळींच नाहीं.

मग एकाच पातेल्यांतली आमटी अकरा जण खातात आणि एकालाच कां दुखतें? घरांत यावर "मनाचे खेळ" असें उत्तर तयार असे, आणि तें बोलून दाखविण्यांत आम्हीही मागें नव्हतों. परंतु इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें चुंबकीय छायाचित्रें घेऊन केलेलें एक संशोधन २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत असें दिसलें कीं फ्रुक्टनजातीची शर्करा दिल्यावर निरोगी माणसाचें आंतडेंही फुगतें. भेद आहे तो त्या ताणाच्या जाणिवेंत. चिडक्या आंतड्याच्या माणसास तोच ताण कळ होऊन जाणवतो. हें वाचल्यावर आम्हीं "मनाचे खेळ" हा शब्दप्रयोग घरांतून हद्दपार केला.

चातुर्मासांत तिला बरें कां वाटे, याचाही उलगडा झाला. वर्ज्य पदार्थांची यादी आणि ही नवी यादी शेजारीं ठेवली तर कांदा, लसूण, दूध व द्विदलें दोन्हींकडे सांपडतात. पण म्हणून आमच्या ऋषींना हें सारें शास्त्र ठाऊक होतें असला दावा आम्ही करीत नाहीं. वांगें बिचारें नव्या यादींत बसत नाहीं, हें त्यास पुरेसें उत्तर आहे.

आतां प्रत्यक्ष पद्धति. आधीं दोन ते सहा आठवडे अशा सर्व शर्करा कमी करावयाच्या. बरें वाटलें तरच पुढें जावयाचें. बरें वाटलें नाहीं तर हें पथ्य आपलें नव्हे, असें समजून तें सोडून द्यावयाचें. मग परतीचा प्रवास. त्याचे पांच नियम बाईंनीं लिहून दिले ते असे.

पहिला नियम, पाया हलवूं नये. बाकीचें जेवण रोज एकसारखें ठेवावें. आमच्याकडे भात, नाचणीची भाकरी, बटाटा, गाजर, काकडी, मुगाचें बेतशीर वरण आणि संत्रें एवढ्यावर पाया घातला.

दुसरा, एका वेळीं एकच शर्करा, आणि तीही एकाच पदार्थांतून. गव्हाची खीर खाऊन दुखलें तर गहूं कीं दूध हें कळणार नाहीं. दुधाची परीक्षा दुधानेंच घ्यावी आणि गव्हाची पोळीनें.

तिसरा, मात्रा चढती ठेवावी. पहिल्या दिवशीं पाव कप दूध, दुसऱ्या दिवशीं अर्धा, तिसऱ्या दिवशीं पूर्ण. मध्येंच जोराचा त्रास झाला तर तेथेंच थांबावें.

चौथा, दोन परीक्षांमध्यें दोनतीन दिवस विश्रांति द्यावी. आणि जो पदार्थ उत्तीर्ण झाला तोही सर्व परीक्षा संपेपर्यंत बाजूसच ठेवावा, नाहींतर पाया हललाच.

पांचवा, लिहून ठेवावें. काय खाल्लें, किती, किती वाजतां. काय झालें आणि तें दहापैकीं किती. शिवाय झोप, दगदग व चिंता. या गोष्टीही आंतड्यास चिडवितात.

संस्कृताच्या अभ्यासकास यांतील पुष्कळसें ओळखीचें वाटेल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत पांचव्या अध्यायाचें नांवच मात्राशितीय आहे. सातव्या अध्यायांत अपथ्याची संवय पावापावानें सोडावी व पथ्याची तशीच जोडावी असा क्रम सांगितला आहे. आणि शोधनानंतर पेया, विलेपी, यूष अशा पायऱ्यांनीं अन्नावर यावें हें तर वैद्य अजूनही पाळतात. सावकाश परतावें, हा विचार आपल्या परंपरेस परका नाहीं.

एक जाड वही आणून आम्हीं रकाने आंखले. पहिली पाळी दुधाची. दुधावर तिचा राग मोठा. पूर्ण कप घेतल्या दिवशीं पोट फुगल्याची नोंद तिनें केली. बाईंना शंका आली कीं येथें दूध बोलतें आहे कीं भीति? त्यांच्या सांगण्यावरून सूनबाईनें युक्ति केली. लॅक्टोज काढून टाकलेलें दूध हल्लीं बाजारांत मिळतें. तें किंचित् अधिक गोड लागतें, म्हणून दोन्ही दुधांत साखर व वेलची घातली. सहा दिवस, एका आड एक दिवस सोडून, रोज एक कप. तीन वेळां साधें दूध, तीन वेळां दुसरें. क्रम फक्त सूनबाईस ठाऊक, आणि चिठ्ठी देवघरांतल्या डबींत. शेवटीं चिठ्ठी उघडली. त्रासाची नोंद दोनदां झाली होती. एकदां साध्या दुधाच्या दिवशीं आणि एकदां दुसऱ्या. दूध निर्दोष सुटलें. दोन वर्षें तिनें कोरा चहा घेतला होता, तो विनाकारण.

यांत तिला हंसण्यासारखें कांहीं नाहीं. अमेरिकेंत १९९५ सालीं, आपणांस दूध मुळींच पचत नाहीं असें सांगणाऱ्या ३० जणांवर असाच झांकलेला प्रयोग झाला. तपासणींत त्यांपैकीं ९ जणांस लॅक्टोज चांगलें पचत असल्याचें आढळलें. आणि ज्यांस खरोखर पचत नव्हतें त्यांनाही रोज २४० मिलीलिटर दुधानें विशेष फरक जाणवला नाहीं. दुधांत शेंकडा सुमारें पांच भाग लॅक्टोज असतें. तें पचविणारें द्रव्य वयाबरोबर बहुतेकांत घटतें, तरी एवढें दूध बहुतेक जण सोसतात. गव्हाचीही तीच कथा. नॉर्वेंत २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, ग्लूटेन बाधतें अशी समजूत असलेल्या ५९ जणांस ग्लूटेन, फ्रुक्टन आणि यांपैकीं कांहींच नसलेल्या वड्या न सांगतां दिल्या. त्रास अधिक झाला तो फ्रुक्टनानें. म्हणजे संशयित घर बरोबर होतें, पण पकडलेला माणूस चुकला होता.

पुढें एकेकाची पाळी आली. पोळी दोनपर्यंत निर्वेध, तिसरीला जडपणा. तुरीचें वरण एक वाटी सुखरूप, दोन वाट्यांस गुडगुड. डाळ भिजवून वरचें पाणी टाकून शिजविल्यास आणखी बरें, कारण त्या शर्करा पाण्यांत उतरतात. आंब्याच्या चार फोडी चालल्या, दोन वाट्या रस चालला नाहीं. लसणाच्या दुसऱ्या दिवशीं भाच्याच्या मुलाची मुंज आली; पंगतींत जिलबी, मठ्ठा, मसालेभात, सारेंच झालें. "चालायचेंच, लिहा कांहीं तरी," असें ती म्हणाली. आम्हीं त्या पानावर फुली मारली आणि आठ दिवसांनीं परीक्षा पहिल्यापासून घेतली. तेव्हां लसणाच्या एका पाकळीनें आणि पुढें पाव कांद्यानें जो प्रताप दाखविला त्यांत संशयास जागा उरली नाहीं. महिन्यानें पुन्हां घेऊन पाहिलें तरी तोच निकाल. सर्वांनीं दुधाला, तुरीला, गव्हाला बोल लाविला. परंतु रोज प्रत्येक भाजींत, आमटींत, कोशिंबिरींत निमूटपणें बसलेल्या कांद्यालसणाचें नांव कोणीच घेतलें नव्हतें.

एक कोडें तरीही उरलें होतें. पुरणपोळीच्या दिवशीं कांदा नसतो, लसूणही नसते. मग होळीस दर वर्षीं तिचें पोट कां बिघडावें? उत्तर वहींतच होतें. हरभऱ्याच्या डाळीचें पुरण, वर गव्हाची पारी, वाटीभर दूध, आणि कटाची आमटी. एकेक जिन्नस आपल्या मर्यादेंत असला तरी पोटांत त्यांची बेरीज होते. आतां ती एक पुरणपोळी तुपाबरोबर खाते, दूध घेत नाहीं, कट चमचाभर घेते आणि सुखानें झोपते.

कांद्यालसणालाही वाट निघाली. फ्रुक्टन तेलांत उतरत नाहीं. म्हणून लसूण तेलांत परतून काढून टाकली तर स्वाद राहतो आणि बाधा टळते. पातीच्या कांद्याचा हिरवा भाग तिला सोसतो. घरच्यांच्या भाजींत कांदा वरून घालण्याची चाल सूनबाईनें पाडली, त्यामुळें दोन स्वयंपाक करावे लागत नाहींत.

वाचकहो, हें पथ्य जन्मभर चालविण्याचें नव्हे, हें पुन्हां सांगतों. फार दिवस चालविल्यास आंतड्यांतील हितकर जंतूंची संख्याही घटते, असें आढळलें आहे. लहान मुलें, गर्भवती स्त्रिया आणि मुळांतच कृश झालेलीं माणसें यांनीं तर तज्ज्ञाच्या देखरेखीवांचून या वाटेस जाऊंच नये. आणि सोसण्याची मर्यादा बदलतही असते. आज नापास झालेला जिन्नस सहा महिन्यांनीं पुन्हां परीक्षेस बसवावा.

वहीच्या शेवटच्या पानावर आम्हीं दोन याद्या केल्या. "बेतानें" या मथळ्याखालीं पांच नांवें आलीं. "चालतें" या मथळ्याखालीं पान पुरलें नाहीं. वर्षभरांत सातांपैकीं पांच किलो वजन भरून आलें. यंदाच्या कांदेनवमीस तिनें एक भजें मागून घेतलें, आणि रात्रीं नातीनें वहींत लिहिलें, "आजी, भजें एक, त्रास दहापैकीं दोन." आतां आमच्या घरीं पानें एकदमच मांडतात, ज्याला जें हवें तें तो हातानें वाढून घेतो, आणि ती आमच्या शेजारीं बसून जेवते.